खाऱ्या पाण्याला फेस

अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या घरामागं एक अंगण आहे. आजोबांच्या काळी तिथं गाय बांधत. आता एक कडुनिंब आहे आणि कपडे वाळत घालायच्या दोन तारा. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही त्या तारा सोडल्या, कडुनिंबाच्या खोडाला हॅलोजन बांधला, मंडपवाल्याकडून चार लेव्हल आणि तीन सतरंज्या आणल्या आणि पुण्याच्या एका छोट्या महोत्सवाला न्यायच्या एकांकिकेचा पहिला प्रयोग केला. पडदा नव्हता, विंग नव्हत्या. स्वयंपाकघराचं मागचं दार हीच आमची एंट्री. समोर चाळीसेक माणसं: शेजारी, नातेवाईक, नटांच्या घरची मंडळी, शिकवणीहून परस्पर आलेली दप्तरासकट चार पोरं. आणि उंबऱ्यावर, आत-बाहेर अशा दोन्हीकडे पाय ठेवून बसलेल्या आमच्याकडच्या पोळ्यांच्या मावशी.

रंगीत तालीम वेगळी आणि हे वेगळं. रंगीत तालमीत कपडे असतात, दिवे असतात, पार्श्वसंगीत असतं, फक्त माणूस नसतो. समोर बसलेला दिग्दर्शक माणूस खरा, पण त्यानं ते नाटक शंभर वेळा पाहिलेलं असतं. कुठं हसायचं हे त्याला ठाऊक असतं म्हणून तो हसत नाही. स्पर्धेला किंवा महोत्सवाला जाण्याआधी गावातल्या गावात जो प्रयोग करतात, त्याला आमच्या संचात 'दाखवणं' म्हणतात. 'एकदा दाखवून घेऊ.' मला हा शब्द आवडतो. माल पाठवण्याआधी दाखवतात, पत्रिका दाखवतात, मूल डॉक्टरला दाखवतात. प्रत्येक वेळी दाखवणाऱ्याच्या पोटात गोळा असतो, कारण बघणारा काय बोलेल ते आपल्या हातात नसतं.

ही रीत जुनी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा सातपैकी पहिले चारच अंक केले होते. पुढचे तीन नंतर आले. मराठी संगीत नाटकाचा आरंभ म्हणून आपण तो दिवस धरतो. पण मला त्या दिवसात दिसतो तो अर्धं नाटक घेऊन लोकांसमोर उभा राहिलेला एक माणूस. पुढचं नाटक लोकांच्या तोंडाकडे बघून आणू, एवढा त्याचा लोकांवर विश्वास होता, असं मला वाटतं.

तिकडे स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला 1947 साली मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. त्याला आमंत्रण नसलेल्या 8 नाटक मंडळ्या आपल्या आपण आल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. पुढं त्यालाच 'फ्रिंज' म्हणू लागले. फ्रिंज म्हणजे झालर, काठ. आता ऑगस्टात तिथं हजारो खेळ होतात आणि त्याआधीच्या महिन्यांत लंडनमधली छोटी नाट्यगृहं एडिंबरोला निघालेल्या मंडळींच्या कच्च्या प्रयोगांनी भरलेली असतात. तिकीट स्वस्त, नाटक अर्धवट शिजलेलं, आणि बघणाऱ्याला ते माहीत. मला हे वाचून फार आपलं वाटलं. काठावरच्या माणसाला मध्यावर जायचं तर आधी आपल्याच काठावर पाय रोवून बघावा लागतो.

आमचाही काठच. पूर्णेचा.

एकांकिका खारपाणपट्ट्यावरची. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा. वर काळी कसदार जमीन आणि खाली विहिरीला, बोअरला लागतं ते पाणी खारट. पऱ्हाटी डोलताना दिसते, हरभरा दिसतो, आणि त्याच शेताच्या मालकिणीला पिण्याच्या पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावावे लागतात. मूतखडा आणि किडनीचे आजार तिथल्या घराघरांत बोलायचे विषय आहेत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी 18-20 किलोमीटर चालत अकोल्याला येतात आणि राजराजेश्वराला ते पाणी वाहतात. लहानपणापासून मी त्या कावडी बघत आले. देवाला पाणी घालणारी माणसं परत जाऊन काय पाणी पितात, हा प्रश्न मला चाळिशीत पडला आणि त्यातून ही एकांकिका झाली. तीन पात्रं: सासू, सून आणि टँकरवाला. एक विहीर, पाणी भरायचा एक गुंड, एक दोरी. सुनेचं माहेर गोड्या पाण्याचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. ती या गावात पाय ठेवते तिथून नाटक सुरू होतं.

मी लिहिली ती जठारपेठेत बसून. आमच्या नळाला काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं. रोज येत नाही. पण येतं ते गोडं येतं.

घड्याळ लावून केलेल्या तालमींत एकांकिका 41 मिनिटांत बसत होती. आम्हाला मिळालेली वेळ 45 मिनिटांची, मागंपुढं करायला मुभा नाही. छोट्या महोत्सवात एकाच रंगमंचावर एकामागून एक नाटकं असतात. आपला ब्लॅकआउट लांबला की पुढच्या संचाचा सेट दाराबाहेर खोळंबतो. आम्ही निर्धास्त होतो. अंगणातल्या प्रयोगाला 49 मिनिटं लागली. एक वाक्य वाढलं नव्हतं. लोक हसले, नट थांबले; लोक गप्प झाले, नट त्या शांततेत थोडे रेंगाळले. सासूचं काम करणारी आमची शाळामास्तरीण इतकी रंगली की दोर ओढायला तिनं एरवीच्या दुप्पट वेळ घेतला, आणि तो वेळ खरा होता. ही आठ मिनिटं प्रेक्षकांची होती. नाटक लिहिताना ती कागदावर कुठंच दिसत नाहीत. ती कुठं आणि किती लागतात हे समोर माणूस बसल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच दाखवावं लागतं.

मग कात्री आली. काय कापायचं यावर आमच्यात रात्री दीड वाजेपर्यंत वाद झाला. बँकेत नोकरी करणारा आमचा टँकरवाला म्हणाला, जिथं लोक हसले ते ठेवा, बाकी कापा. ऐकायला सरळ वाटतं. पण मी त्या संध्याकाळभर प्रेक्षकांच्या बाजूला, भिंतीला टेकून, नाटकाकडे पाठ करून उभी होते. मी चेहरे बघत होते. टँकरवाला पहिल्यांदा येऊन 'काऊन व माय, कोनाच्या घरची?' म्हणतो तिथं मोठा हशा झाला. तो हशा नाटकाचा नव्हता. आमच्या शेजारचा, मेडिकल दुकानावर एरवी शुद्ध बोलणारा, बँकेतला मुलगा वऱ्हाडी बोलतोय याचा तो आनंद होता. ओळखीचा माणूस वेगळ्या कपड्यांत दिसला की आपण हसतो, तसा. पुण्यात त्याला कोण ओळखणार? ते हसू जठारपेठेतच राहणार होतं. उलट दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी, सून गुंड पालथा करून त्यावर बसते तिथं, कुणी हसलं नाही, रडलं नाही, पण दप्तरवाल्या पोरांनी चुळबुळ थांबवली. पहिल्यापासून चिप्सच्या पुडीचा आवाज येत होता तो बंद झाला. मी वहीत लिहून ठेवलं: पुडी थांबली. ती जागा कापायची नाही.

प्रयोग संपल्यावर चहा झाला. 'छान झालं', 'मस्त', 'पुण्यात बक्षीस पक्कं'. अशी दाद प्रेमाची असते आणि तिचा राग येऊ नये. पण नाटकाला तिचा उपयोग नसतो. घरच्या माणसाला आपलं पोर उभं राहिलं हेच पुष्कळ असतं. माझ्या मावससासूबाईंनी तर नाटकभर फक्त त्यांच्या नातवाकडे पाहिलं, जो संगीताची बटणं दाबत होता.

लोक पांगले. मी कप गोळा करत होते. पोळ्यांच्या मावशी उंबऱ्यावरून उठल्या, पदर खोचला, सतरंजीची एक बाजू धरली. मी दुसरी धरली. घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "ताई, येक इचारू?"

"विचारा ना."

"खाऱ्या पान्याले फेस येते का व?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पहिल्या प्रवेशात सून विहिरीवर कपडे धुते. साबण नाही, पाणी नाही, सगळा अभिनय. आमची नटी हुशार, तालमीत तिनं ते बारीक बसवलं होतं: साबण घासायचा, दोन्ही हातांनी कपडा चोळायचा, फेस मनगटावर चढतो तो झटकायचा, कपाळावरचा केस कोपरानं मागं सारायचा, कारण हात फेसानं भरलेले. सगळ्यांना आवडलेली जागा. मावशी पूर्णेपलीकडच्या गावच्या. लग्न होऊन बावीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढून मग अकोल्याला आलेल्या. चार वर्षं त्या आमच्याकडे पोळ्या करतात आणि मी खारपाणपट्ट्यावर नाटक लिहिताना त्यांना एक शब्द विचारला नव्हता. कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन आले होते.

त्या सांगत गेल्या. साबण घासला की कपड्याला चिकटतो, पांढरा थर बसतो, निघता निघत नाही. नव्या नवरीला वाटतं आपल्यालाच धुता येत नाही. डाळ शिजत नाही. "डाय रातभर भिजू घातली तरी टनक." सोडा टाकावा लागतो. माहेरचे आले की त्यांच्यासाठी वेगळं पाणी राखून ठेवायचं, त्यांना कळू द्यायचं नाही. आणि गुंड. "तुमची पोरगी गुंड घेऊन येते ना डोक्शावर, तो रिकामा हाय हे दिसते. भरला गुंड असला की मान हालत नाई, कंबर हालते." हे म्हणून त्यांनी सतरंजीची घडी डोक्यावर ठेवली आणि अंगणाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालून दाखवलं. हॅलोजन अजून चालू होता. नटी दारात उभी राहून बघत होती.

त्या चालण्यात जे होतं ते माझ्या संहितेत एका ओळीतही नव्हतं.

गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांनी उत्तर दिल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. ही आमच्या भागाची रीत. ऐकणाऱ्यानं बोलायचं असतं, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. नाटकाला तिकीट लावलं, खुर्च्यांच्या रांगा लावल्या, पुढच्या रांगेत पाहुणे बसवले, की तोच माणूस गप्प होतो. प्रमिलाताई ओक सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं मी वर्षानुवर्षं पाहिली. तिथं परीक्षक अंधारात लिहीत असतात आणि त्यांचं मत निकालाच्या रूपानं येतं. स्पर्धेनं अकोल्याला नाटक दिलं हे मी मानते. राम जाधवांसारखा नट अकोल्यात राहून आयुष्यभर हौशी रंगभूमीवर उभा राहिला आणि 2011 साली रत्नागिरीच्या 91 व्या नाट्यसंमेलनाचा अध्यक्ष झाला, त्यामागं अशाच हौशी नाटकांची वर्षं होती. पण क्रमांकातून 'फेस येतो का?' हा प्रश्न मिळत नाही. निकाल आपण कितवे ते सांगतो. उंबऱ्यावर बसलेली बाई आपलं काय चुकलं ते सांगते, तेही प्रयोगाच्या आधी, दुरुस्तीला वेळ असताना.

मी प्रवेश बदलला. सून साबण घासते आणि फेस येत नाही. ती आणखी घासते. सासू बघत असते, काही बोलत नाही. कपड्यावर पांढरं बसत जातं. सुनेला वाटतं साबण खोटा, मग वाटतं आपले हात खोटे. पूर्वी तिथं सासूचं दीड पानाचं भाषण होतं, खारपाणपट्टा म्हणजे काय ते सांगणारं. ते सगळं गेलं. फेस आला नाही एवढ्यानं ते सांगून झालं होतं. आठ मिनिटांतली पाच तिथंच सुटली.

दुसरा प्रयोग पूर्णेकाठच्या एका गावात, मारुतीच्या सभामंडपात केला. मावशींनीच ठरवला. ट्यूबलाइटच्या उजेडात. हॅलोजन नेला होता, पण वीज इतकी कमी दाबाची होती की तो लावताच पंखे थांबले. बायका डाव्या अंगाला, पुरुष उजव्या, पोट्टे पायऱ्यांवर. जठारपेठेत जिथं हशे झाले होते तिथं इथं एकही हसलं नाही. टँकरवाला वऱ्हाडी बोलला यात त्यांना काय नवल? माणसासारखं बोलला. टँकरवाल्याचं ते पहिलं वाक्य मग आम्ही तीन सुरांत बसवून पाहिलं आणि शेवटी अगदी साधं, चालता चालता म्हटल्यासारखं ठेवलं. हशा गेला, माणूस आला.

आणि जिथं आम्हाला हसू अपेक्षित नव्हतं तिथं बायका हसल्या. फेस येत नाही, सून साबणाकडे बघते, तिथं डाव्या अंगाची पूर्ण बाजू हसली. एकमेकींच्या मांडीवर हात मारून हसल्या. त्या हसण्यात त्यांची स्वतःची पहिली धुणी होती. नटी गोंधळली, एक क्षण तिनं मान वर केली, मग समजली आणि पुन्हा घासू लागली. हसू आपोआप विरलं. पुढची दोन मिनिटं त्या मंडपात दोरीचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मी या कामात वीस वर्षं आहे. इतकी सलग शांतता मी कुठल्याही सभागृहात ऐकलेली नाही.

भाषेचा वाद मात्र तिथून सुरू झाला. पुण्याला निघताना प्रत्येक वऱ्हाडी संचात तो होतोच. 'डाय', 'पानी', 'मले', 'करून राह्यलो' हे तिकडं कळेल का? थोडं सौम्य करू का? गावातल्या प्रयोगाआधी माझंही मत अर्धं तसं होतं. मी दोन ठिकाणी 'डाय'चं 'डाळ' केलंही होतं. सभामंडपात सासूनं ते शुद्ध 'डाळ' उच्चारलं आणि मागून एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "मास्तरीन हाय का ते?" त्याच्या कानानं एका अक्षरात तिचं खरं घर ओळखलं. मी 'डाय' परत आणलं. समोरच्याला शब्द कळला नाही तर तो माणसाकडे बघून समजून घेतो, पण एकदा माणूसच खोटा वाटला की मग शब्द कितीही सोपे असले तरी काही होत नाही. पुण्यासाठी एवढंच केलं की अनोळखी शब्दाच्या वेळी हातात वस्तू ठेवली. गुंड म्हणताना गुंड दिसतो. वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

तिसरा प्रयोग अमरावतीला, महाविद्यालयातल्या मुलांसमोर. त्यातून फार काही हाती लागलं नाही. मुलं नाटक करणारी होती, त्यांनी प्रकाशयोजनेवर आणि ब्लॉकिंगवर बोलणं केलं, दोन सूचना चांगल्या होत्या त्या घेतल्या. वेळ 44 मिनिटं भरली. नाटक करणाऱ्यांसमोर दाखवलं की ते स्वतः कसं केलं असतं ते सांगतात. तेही लागतं, पण एवढ्यावर जाऊ नये.

पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गेलो. लेव्हल तिकडंच मिळणार होत्या. आम्ही गुंड, दोरी, कप्पी आणि एक लाकडी रहाट एवढंच बरोबर घेतलं. रात्रभर रहाट सीटखालून पुढं सरकत होता आणि आमच्यातलं कुणी ना कुणी पायानं तो मागं ढकलत होतं. मावशी येणार होत्या, पण धाकट्या मुलीची परीक्षा निघाली.

रंगमंच छोटा, प्रेक्षक हाताच्या अंतरावर. एकोणीसशे सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत अशाच जवळिकीत किती नाटकं उभी राहिली, त्या गोष्टी आमच्या पिढीनं ऐकत ऐकत नाटक शिकलं. छोट्या जागेत लपायला काही नसतं. सून विहिरीवर आली, साबण घासला. पुण्याचे प्रेक्षक हसले नाहीत. पहिल्या रांगेतल्या एक बाई हळूहळू पुढं झुकल्या आणि नटीच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या. फेस कधी येतो याची त्या वाट बघत होत्या. मला त्या बघण्याची किंमत कळत होती, कारण तो फेस कसा गेला ते मला माहीत होतं. शेवटी गुंड डोक्यावर घेऊन नटी निघाली तेव्हा तिची मान हलली नाही.

परत आल्यावर मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी कणीक मळता मळता ऐकलं. बक्षिसाचं विचारलं नाही. "मान हालली का तिची?" एवढं विचारलं.

5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. 1843 साली त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं. दरवर्षी या दिवसापासून पुढं डिसेंबर सरेपर्यंत आपल्याकडे तालमींचे दिवस असतात. तुमच्या गल्लीत, शाळेच्या वर्गात, कुणाच्या गच्चीवर स्पर्धेला निघालेली पोरं एखाद्या संध्याकाळी सतरंज्या अंथरत असतील आणि तुम्हाला 'या ना, दाखवतोय' म्हणतील. जा. घरात पोळ्या करायला, भांडी घासायला, माल उतरवायला येणाऱ्या माणसांना बरोबर घेऊन जा आणि त्यांना पुढं बसवा. चहा होईपर्यंत थांबा, आणि काही खटकलं असेल तर 'छान झालं' म्हणायच्या आधी ते सांगा.